साडेतीनशेवर अडकलेला आकडा: न्यू साउथ वेल्समधल्या एचआयव्ही प्रतिबंधाचं प्रकरण

न्यू साउथ वेल्स हे ऑस्ट्रेलियातलं सर्वांत जास्त वस्तीचं राज्य आणि सिडनी त्याची राजधानी. २०१४ साली आणि पुन्हा २०१५ साली तिथे एचआयव्हीचं नव्याने निदान झालेल्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास राहिली. पाऊण कोटी वस्तीत साडेतीनशे हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण २०१२च्या अखेरीस राज्याने नवं धोरण जाहीर केलं, तेव्हा लागण निम्म्याहून खाली आणायचा निर्धार त्यात लिहून ठेवला होता. त्यासाठी जे करायचं ठरलं, ते बरंचसं केलंही. चाचणी सोपी झाली, चाचण्या वाढल्या, उपचार लवकर सुरू होऊ लागले. आकडा मात्र जागचा हलायला तयार नव्हता.

२०१६च्या मार्चमध्ये या सगळ्यात एका गोळीची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या प्रेपची, भर पडली आणि वर्ष-दीड वर्षात आकडा उतरला. घडलं ते एवढंच. पण ती गोळी लागू का पडली आणि कुणाच्या बाबतीत पडली नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पाटी कोरी नव्हती

ऑस्ट्रेलियातला एड्सचा पहिला रुग्ण १९८२ साली सिडनीतच सापडला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या समलिंगी पुरुषांच्या वस्तीने इतके मृत्यू पाहिले की संघटित होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९८६ साली डार्लिंगहर्स्ट भागात काही डॉक्टरांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी कायदा आड येत असतानाही नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया वाटायला सुरुवात केली. लवकरच सरकारने ते काम आपलंसं केलं. परिणाम असा की सुयांमधून पसरणाऱ्या एचआयव्हीने या देशात कधी मूळ धरलंच नाही. साथ राहिली ती मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, आणि ती कुठल्या भागात, कुठल्या दवाखान्यांच्या परिघात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. नंतरचं यश बरंचसं या माहितीवर उभं आहे. गोळ्यांच्या खोक्यासोबत ही माहिती पाठवता येत नाही, म्हणून ती आधी सांगितली.

दुसरी तयारी उपचारांची. २०११ साली एचपीटीएन ०५२ या औषध-चाचणीचे निष्कर्ष आले. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येकात एक जण बाधित आणि दुसरा नाही. बाधित जोडीदाराला लगेच औषधं सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. (या जोडप्यांतली काही पुण्यातली होती. आपल्याकडे हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.) त्याआधी उपचार म्हणजे रुग्णाला जगवणं, आणि प्रतिबंध म्हणजे कंडोम आणि समुपदेशन, अशी सरळ वाटणी होती. ती एका झटक्यात मोडली. रुग्णाने स्वतःसाठी घेतलेली गोळी दुसऱ्यालाही वाचवते, हे आता मोजून दाखवता येत होतं.

तरीही लवकर उपचार रुग्णाच्या स्वतःच्या भल्याचा आहे की फक्त इतरांच्या, हा प्रश्न उरला होता. तो रास्त होता, कारण निव्वळ समाजाच्या सोयीसाठी कुणाला आयुष्यभराच्या औषधावर ठेवणं कुठल्याही डॉक्टरला पटणार नाही. त्याचं उत्तर २०१५ साली स्टार्ट या चाचणीने दिलं. ३५ देशांतले ४६८५ रुग्ण, सगळ्यांची सीडी४ पेशींची संख्या ५००च्या वर, म्हणजे प्रतिकारशक्ती अजून शाबूत. निम्म्यांना लगेच औषध, उरलेल्यांना पेशी ३५०पर्यंत घसरल्यावर. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी भरले. या चाचणीचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र सिडनीतल्या कर्बी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत होतं. ऑस्ट्रेलियाने तर निकालाची वाटही पाहिली नाही. एप्रिल २०१४ मध्येच अनुदानित औषधांसाठी असलेली सीडी४ ५००च्या खाली असण्याची अट काढून टाकली.

थोडक्यात, २०१५ साली या राज्यात ज्याचं निदान झालं त्याला औषध मिळत होतं, आणि त्या काळातल्या औषधांनी बहुतेकांच्या रक्तातला विषाणूभार काही महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली जात होता. अशा माणसाकडून लैंगिक संबंधांतून लागण होतच नाही, हे पुढे पार्टनर २ या अभ्यासाने दाखवलं. ७८२ पुरुष जोडपी, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार संबंध, आणि बाधित जोडीदाराकडून झालेल्या लागणी शून्य. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंडमधल्या ३४३ जोडप्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासातही तेच दिसलं.

मग पाणी मुरत कुठे होतं?

निदानाच्या आधीचे आठवडे

समजा, एका पुरुषाची एक जानेवारीला चाचणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. वीस जानेवारीला त्याला लागण झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अंगात कणकण, घसा दुखतोय, अंगावर पुरळ. चार दिवसांत सगळं ओसरलं. साधा ताप म्हणून तो विसरूनही गेला. एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणे पुन्हा चाचणी, या वेळी पॉझिटिव्ह. आठवड्याभरात औषध सुरू. जूनअखेर विषाणूभार मोजता न येण्याइतका कमी.

यात कुणाचंही काही चुकलेलं नाही. तो नियमित चाचणी करतो, दवाखान्याने दिरंगाई केली नाही. पण फेब्रुवारीत, म्हणजे कणकण आली त्या सुमारास, त्याच्या रक्तात विषाणूंची संख्या मिलिलिटरमागे लाखांत, कधी त्याहून वर गेलेली असते. शरीराने अजून प्रतिपिंडं बनवलेली नसतात, त्यामुळे विषाणूला रान मोकळं असतं. सर्वांत जास्त संसर्ग पसरवू शकणारा काळ हाच, आणि या काळात त्याच्या हातात जानेवारीचा निगेटिव्ह रिपोर्ट असतो. तो रिपोर्ट दाखवून तो समोरच्याला खरंच सांगतो, मी ठीक आहे.

उपचार कितीही तातडीने सुरू केले तरी ते निदानानंतरच सुरू होणार. जिथे जोडीदार वरचेवर बदलतात आणि एकमेकांच्या ओळखीचे असतात, तिथे विषाणू निदानापेक्षा एक पाऊल पुढे राहतो. सिडनीत हेच चाललं होतं, असं मला वाटतं. जुन्या बाधितांची नाकेबंदी झाली होती. साथ जिवंत ठेवत होते ते नुकतीच लागण झालेले, आणि त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

सगळीकडे गळती याच जागी असते असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात २०१२ ते २०१६ या काळात गावंच्या गावं घेऊन हाच प्रयोग झाला. घरोघरी चाचणी आणि बाधिताला लगेच औषध. नव्या लागणींत लक्षणीय फरक पडला नाही. तिथलं कारण वेगळं होतं. निदान होत होतं, पण निदान झालेले लोक दवाखान्यापर्यंत वेळेत पोहोचत नव्हते, आणि कामासाठी गावाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांमधून संसर्ग येतच होता. सिडनीतले रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत होते. तिथे उणीव निदानाच्या अलीकडची होती, आणि उपचार तिथपर्यंत पोहोचणं तत्त्वतःच शक्य नव्हतं.

गोळी

एचआयव्हीला पेशीत शिरल्यावर आपल्या आरएनएतली माहिती डीएनएत उतरवून घ्यावी लागते. ते काम रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर करतं. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या औषधांची रूपं डीएनएच्या साखळीतल्या कडीसारखी दिसतात. विकर फसतं, ती खोटी कडी साखळीत ओवतं, आणि तिला पुढची कडी अडकवायला जागाच नसल्याने साखळी तिथेच खुंटते. बाधित माणसाच्या उपचारात ही दोन औषधं तिसऱ्या एखाद्या औषधाच्या जोडीने कैक वर्षं वापरात आहेत. प्रेप म्हणजे तीच दोन औषधं, लागण नसलेल्या माणसाने, लागण होण्याआधीपासून घेतलेली. विषाणू आला तर पहिल्याच पेशीत त्याची वाट बंद.

आयप्रेक्स या चाचणीत २४९९ जण होते. २०१० साली तिचा निकाल आला तेव्हा लागण ४४ टक्क्यांनी कमी दिसली. अनेकांनी नाकं मुरडली, कारण निम्मीसुद्धा नाही. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं त्यांच्यात धोका ९० टक्क्यांहून अधिक घटलेला होता. पुढे आफ्रिकेतल्या स्त्रियांवर झालेल्या व्हॉइस या चाचणीत ही गोळी सपशेल अपयशी ठरली, आणि तपासलं तेव्हा रक्ताच्या जेमतेम २९ टक्के नमुन्यांत औषध आढळलं. गोळ्या डबीतच होत्या. त्या का घेतल्या गेल्या नाहीत, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. घरात कुणी पाहिलं तर काय म्हणेल ही भीती, आपल्याला कशाला होतंय ही भावना, आणि मिळालेली गोळी खरी की तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी, याबद्दलची शंका. प्रेपचे आकडे वाचताना मी आता आधी एवढंच बघतो, की औषध किती जणांच्या अंगात होतं.

सिडनीच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती इंग्लंडमधली प्राउड चाचणी. ५४४ पुरुष. निम्म्यांना गोळी लगेच, निम्म्यांना वर्षभराने. कुणालाही खोटी गोळी नाही, म्हणजे आपण काय घेतोय हे प्रत्येकाला माहीत. लगेच घेणाऱ्यांत तिघांना लागण झाली, थांबलेल्यांत वीस जणांना. घट ८६ टक्के. थांबलेल्या गटाला ताटकळत ठेवणं योग्य नाही म्हणून २०१४च्या ऑक्टोबरमध्येच सगळ्यांना गोळी देऊ केली गेली. त्या थांबलेल्या गटात वर्षाला शंभरामागे नऊ जणांना लागण होत होती. या आकड्याकडे पुन्हा यायचं आहे.

आठ महिने

अमेरिकेत ही गोळी प्रतिबंधासाठी जुलै २०१२ मध्येच मंजूर झाली होती. ऑस्ट्रेलियात मंजुरी मिळाली मे २०१६ मध्ये आणि सरकारी अनुदान एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात जाणकार लोक परदेशातून जेनेरिक गोळ्या टपालाने मागवत होते. तीन महिन्यांपुरतं औषध स्वतःसाठी मागवायला तिथला कायदा परवानगी देतो. पण त्यासाठी इंग्रजी, इंटरनेट, पैसे आणि समजूतदार डॉक्टर, असं सगळं हाताशी लागतं.

राज्य सरकारने या कोंडीतून काढलेली वाट मला या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. औषधाला मंजुरी आणि अनुदान देणं केंद्राच्या हातात. पण संशोधन म्हणून औषध देणं राज्याला शक्य होतं. म्हणून कर्बी इन्स्टिट्यूटच्या मदतीने एपिक नावाचा अभ्यास आखला गेला. नाव अभ्यासाचं असलं तरी त्याचा घाट राज्यव्यापी कार्यक्रमाचा होता. तुलनेसाठी खोटी गोळी नाही, चिठ्ठ्या टाकून गट पाडणं नाही. राज्यात जास्त जोखमीचे पुरुष अंदाजे ३७०० असतील असं गणित मांडलं, आणि त्या सगळ्यांना लवकरात लवकर गोळी द्यायची असं ठरलं. नमुना म्हणून काही जणांना नव्हे, सगळ्यांना.

जोखीम ठरवण्याचे निकष मोघम नव्हते. गेल्या तीन महिन्यांत गुदाशयातला गनोरिया किंवा क्लॅमिडिया झाला होता का, सिफिलिस झाला होता का, एचआयव्ही आहे की नाही हे माहीत नसलेल्या जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला होता का, मेथॅम्फेटामिनची नशा केली होती का. असे प्रश्न विचारणारा माणूस डोळे वटारणारा असेल, तर खरी उत्तरं मिळत नाहीत. इथे मात्र वर्षानुवर्षं याच वस्तीत काम केलेले दवाखाने होते आणि त्याच समाजातल्या संघटना जाहिरातीपासून शंकानिरसनापर्यंत सगळं सांभाळत होत्या.

१ मार्च २०१६ रोजी नोंदणी सुरू झाली. २१ दवाखाने. ऑक्टोबर संपता संपता ३७०० जण पूर्ण. आठ महिने! आणि मग लक्षात आलं की अंदाजच कमी धरला होता. रांग संपेना. मर्यादा वाढवत वाढवत शेवटी नोंदणी ९७०९वर जाऊन थांबली.

गोळीसोबत काय आलं, तेही पाहायला हवं. सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी, कारण लागण आधीच झालेली असेल तर दोनच औषधं अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना सरावतो. मूत्रपिंडाची तपासणी, कारण टेनोफोविर काहींच्या मूत्रपिंडावर ताण आणतं. हेपॅटायटिस बी आहे का, हेही बघायचं, कारण हीच औषधं त्यावरही काम करतात आणि ती अचानक थांबवली तर यकृताचा दाह उसळू शकतो. मग दर तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडियाच्या तपासण्या. या तिमाही फेऱ्यांचं मोल गोळीइतकंच आहे, असं माझं मत आहे. सर्वाधिक जोखमीतला माणूस वर्षातून चारदा आपण होऊन दवाखान्यात येतो. त्याला लागण झालीच, तर ती काही आठवड्यांत सापडते आणि उपचार लगेच सुरू होतात. एरवी प्रेप आणि लवकर उपचार ही दोन वेगळी खाती मानली जातात. इथे एकाच रांगेतून दोन्ही कामं होत होती.

आकडे वाचताना

पहिल्या ३७०० जणांचा मिळून चार हजारांहून अधिक व्यक्ती-वर्षांचा पाठपुरावा झाला (एका माणसाचा वर्षभराचा पाठपुरावा म्हणजे एक व्यक्ती-वर्ष). त्यात लागण झाली दोघांना. दोघंही गोळी नियमित घेत नव्हते. प्राउडमधल्या थांबलेल्या गटाचा दर इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, माणसं आणि शहरं वेगळी आहेत. तरी तो चौथाई धरला, तरी दोनाच्या जागी नव्वदएक लागणी व्हायला हव्या होत्या.

पण गोळी घेणारे वाचले, हे आता नवल राहिलेलं नव्हतं. खरा प्रश्न संपूर्ण राज्याचा होता. गोळी सुरू होण्याआधीच्या बारा महिन्यांत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या २९५ पुरुषांचं राज्यात निदान झालं होतं. ३७०० जण पूर्ण झाल्यानंतरच्या बारा महिन्यांत ते २२१वर आलं. घट २५ टक्के.

कुणीही विचारेल की ही घट गोळीमुळेच कशावरून? तुलनेचा गट नाही, उपचार आणि चाचण्याही त्याच काळात वाढत होत्या. शंका बरोबर आहे, आणि एपिकच्या संशोधकांकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. पण एक फोड उपयोगी पडते. निदान झालेल्यांत काहींची लागण ताजी असते, म्हणजे वर्षभराच्या आत निगेटिव्ह चाचणी झालेली असते किंवा नुकत्याच झालेल्या लागणीची लक्षणं असतात. बाकीच्यांची लागण जुनी किंवा कधीची ते न कळणारी. गोळी आज कुणाला वाचवत असेल, तर तिचा परिणाम आधी ताज्या लागणींवर दिसायला हवा. जुन्या लागणी गोळीच्या आधीच होऊन गेलेल्या, गोळी त्यांचं काही करू शकत नाही. प्रत्यक्षात ताज्या लागणी १४९वरून १०२वर आल्या, साडेएकतीस टक्के घट. बाकीच्या १४६वरून ११९वर, साडेअठरा टक्के. साडेतीनशेवर अडकलेला आकडा पहिल्यांदा हलला, तो नेमका जिथे हलायला हवा होता तिथे. चाचण्या कमी झाल्या म्हणून निदानं घटली, असंही म्हणता येत नाही. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाची तर तीन महिन्यांनी चाचणी होतच होती.

तरीही सगळं श्रेय गोळीला देणं मला चुकीचं वाटतं. विषाणूभार दडपलेल्या बाधितांचा मोठा वर्ग आधीच तयार नसता, तर एवढ्या गोळ्यांनी एवढा फरक पडला असता का? बादलीला दोन भोकं होती. एक आधीच बऱ्यापैकी बुजवलेलं होतं, म्हणून दुसरं बुजवल्याबरोबर पाणी ठरलं.

आणि वेग. हेच ३७०० जण पाच वर्षांत थोडे थोडे करून आले असते, तर प्रत्येकाचं वैयक्तिक रक्षण झालं असतं, पण राज्याचा आकडा बहुधा ढिम्म राहिला असता. माणसांच्या जाळ्यात एकाच वेळी पुरेशा गाठी बंद झाल्या तरच विषाणूची वाट तुटते. दर वर्षी थोड्या गाठी बंद होत राहिल्या, तर तो शेजारच्या गाठीतून निघून जातो.

कंडोमचं काय

हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि तो नैतिकतेच्या आडून विचारला गेला तरी मुळात वैद्यकीय आहे. सिडनी आणि मेलबर्नमधल्या समलिंगी पुरुषांच्या पाहण्यांत २०१३ ते २०१७ या काळात प्रेप घेणाऱ्यांचं प्रमाण २ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलं. त्याच काळात प्रासंगिक जोडीदारांसोबत नेहमी कंडोम वापरणारे ४६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. म्हणजे कंडोम कमी झाला, हे खरंच आहे. एचआयव्ही त्यानंतरही घटला, हेही तितकंच खरं.

गोळी गनोरिया किंवा सिफिलिस रोखत नाही. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात अशाच एका अभ्यासात २९८१ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण लैंगिक संक्रमणांपैकी ७६ टक्के फक्त २५ टक्के लोकांत एकवटलेली दिसली. प्रेप घेणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजायला निघणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. त्या पाव लोकांची तिमाही तपासणी आणि तातडीचा उपचार हा त्यावरचा इलाज आहे. गोळी काढून घेतली, तर गनोरिया तसाच राहील आणि वर एचआयव्ही येईल.

जे सुटले

२५ टक्क्यांची घट सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. तरुणांत ती कमी होती. आशियात जन्मलेल्या पुरुषांत कमी होती. सिडनीच्या ज्या उपनगरांत समलिंगी पुरुषांची वस्ती विरळ, तिथेही कमी. दीर्घ पाठपुराव्यात हेच चित्र पक्कं झालं. गोळी मिळालेल्या ९५९६ जणांमागे १८ हजारांहून अधिक व्यक्ती-वर्षांत ३० जणांना लागण झाली. म्हणजे हजार व्यक्ती-वर्षांमागे दोनाहूनही कमी. आणि ज्यांना झाली, त्यांत वयाने लहान असलेले, अशाच विरळ उपनगरांत राहणारे आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या कमी वेळा नेणारे जास्त होते.

२०२३ साली ब्रिस्बेनमधल्या आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीच्या परिषदेत कर्बी इन्स्टिट्यूटचे संशोधक अँड्र्यू ग्रुलिच यांनी मध्य सिडनीचा हिशेब मांडला. २०१० ते २०२२ या काळात नव्या निदानांत ८८ टक्के घट, आणि २०२२ या अख्ख्या वर्षात फक्त ११ निदानं. २०३०पर्यंत ९० टक्के घट हे जागतिक उद्दिष्ट, आणि शहराचा हा तुकडा त्याच्या उंबरठ्यावर. जगभर मथळे झाले. मधली दोन वर्षं कोविडच्या बंद दारांमागे गेली होती, हे लक्षात ठेवूनही ही घट मोठीच आहे. पण त्याच मांडणीत बाहेरच्या उपनगरांतली घट कितीतरी कमी होती. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, म्हणजे मध्य सिडनीतल्या समलिंगी पुरुषांच्या वस्तीत, राहणाऱ्याच्या मित्रांपैकी चार जण गोळी घेत असतात, तो विषय गप्पांत निघतो, डॉक्टरला त्यातलं सगळं कळतं. पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर आई-वडिलांसोबत राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो. त्याच्यापुढे तो गुदाशयातल्या गनोरियाचं नाव कसं काढणार? कार्यक्रम एकच, पण एकाच्या दारात आलेला आणि दुसऱ्याला शोधत जावा लागणारा.

परदेशातून शिकायला किंवा तात्पुरत्या कामासाठी आलेल्यांची अडचण याहून सरळ आहे, ती पैशाची आणि कागदपत्रांची. अनेकांच्या मनात भीती अशी, की चाचणी पॉझिटिव्ह आली तर व्हिसाचं काय होईल. कायम वास्तव्याच्या अर्जात एचआयव्हीची तपासणी असतेच, त्यामुळे ती निराधार म्हणता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये गोळी सरकारी अनुदानाच्या यादीत आली. सर्वसाधारण नागरिकाला महिन्याच्या गोळ्या ३९.५० डॉलरला मिळू लागल्या. पण ते अनुदान मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड असलेल्यांनाच. परदेशी विद्यार्थ्याकडे बहुधा ते कार्ड नसतं. लागण सर्वांत कमी घटलेल्या गटातले बरेच जण नेमके याच दाराबाहेर राहिले.

२०२२च्या जुलैपासून मेडिकेअर नसलेल्या बाधितांनाही उपचाराची औषधं केंद्र सरकारच्या खर्चाने मिळू लागली. फारच चांगली गोष्ट. फक्त त्यातून एक विचित्र रचना तयार झाली. मेडिकेअर नसलेल्या विद्यार्थ्याला लागण झाली की औषध फुकट, आणि लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी मात्र पदरच्या पैशाने किंवा टपालाने मागवून. मेडिकेअर नसलेल्यांच्या प्रेपसाठीही पैसे देऊ, असं केंद्र सरकारने जाहीर केलं ते २०२४ साली. एपिकच्या पहिल्या नोंदणीला तोवर आठ वर्षं झाली होती.